वाटेत वाचलेलं पत्र

देवगडच्या एसटी स्टँडसमोर एका गाळ्यात मी सात वर्षं नोकरी केली. पुढच्या खोलीत सहा कॉम्प्युटर होते. कुणी बारावीचा निकाल बघायला यायचं, कुणी बोटीवरच्या नोकरीचा अर्ज भरायला. मागच्या खोलीत आमच्या मालकांचा खरा धंदा चालायचा. आंबेवाले, लॉजवाले, काजूचे कारखानदार यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो, मुंबईच्या एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचो आणि प्रत्येकाला त्याच्या वेबसाइटच्या नावाचा ईमेल पत्ता काढून द्यायचो. त्या पत्त्यांची सगळी कामं माझ्याकडे होती. नवा पत्ता उघडायचा, पासवर्ड विसरला तर बदलून द्यायचा, कुणाची मेल येईनाशी झाली तर का ते शोधायचं.

आमचं घर बंदराजवळ. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे मुख्य खलाशी, आणि आई टोपली घेऊन जामसंड्यात मासे विकायला जायची. घरात कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली मी पहिलीच, म्हणून आईला माझ्या नोकरीचा फार अभिमान होता. संध्याकाळी ती टोपली धुवायला बसली की मी तिच्याजवळ पायरीवर बसायची आणि दिवसभरात काय झालं ते सांगायची. ही सवय आम्हा दोघींना लहानपणापासूनची होती. त्यात काही वावगं असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

आमच्या गिऱ्हाइकांत जामसंड्याच्या एक बाई होत्या. सातवीत मला त्यांनी मराठी शिकवलं होतं, त्यामुळे मी त्यांना बाईच म्हणायची. त्या निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमानही तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. दोघांनी मिळून कातळावरची आंब्याची बाग सांभाळली होती आणि पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवता याव्यात म्हणून आमच्याकडून वेबसाइट करून घेतली होती. घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी बाई रिक्षाने आमच्या गाळ्यात यायच्या, खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरवर बसायच्या आणि आलेली पत्रं वाचायच्या. यजमानांना हृदयाचा त्रास होता, ते फारसे बाहेर पडत नसत.

आंब्याच्या चौकशा हंगामातच यायच्या. बाई मात्र वर्षभर यायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. ती त्याच पत्त्यावर आईला लिहायची, एवढं मला माहीत होतं.

२००५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचं नेटवर्क फार संथ झालं होतं. ते बघायला कणकवलीहून एक तंत्रज्ञ यायचा, त्याला मी दादा म्हणायची. गाळ्यातले सगळे कॉम्प्युटर ज्या डबीला जोडले होते ती जुन्या पद्धतीची होती. एका कॉम्प्युटरसाठी आलेली माहिती ती सहाही कॉम्प्युटरांकडे पाठवायची, आणि जी आपली नाही ती प्रत्येकाने सोडून द्यायची, असा तिचा कारभार. दादाने माझ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम चढवला. तो काहीही सोडून देत नसे. तारेवरून जे जे जाई ते सगळं पडद्यावर दाखवी. कुठला कॉम्प्युटर लाइन अडवून बसलाय ते त्यातून कळणार होतं. मला तो कसा वाचायचा ते दाखवून, तो तसाच चालू ठेवून दादा जेवायला गेला.

त्या दिवशी शुक्रवार होता. बाई खिडकीशी बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत होते. बहुतेक सगळा कचराच, आकडे आणि खुणा. मग मध्येच मला इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी दिसलं. तेव्हा आम्ही सगळे मेलमध्ये तसंच लिहायचो. पहिला शब्द ‘आई’ होता.

मी तिथेच थांबायला हवं होतं. प्रोग्रॅम बंद करायला एक बटण पुरेसं होतं. मी ते दाबलं नाही. ओळ खाली सरकवली आणि पूर्ण पत्र वाचलं.

मुलीने नवऱ्याचं घर सोडलं होतं. दोन महिने झाले होते. तिथे तिचं काय होत होतं ते तिने आईला आधी लिहिलेलं असावं, कारण या पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख होता, आणि ती एक ओळही वाचायला मला जड गेली. ती बायकांच्या वसतिगृहात राहत होती, एका शाळेत तिला नोकरी मिळाली होती. शेवटी तिने लिहिलं होतं, बाबांना एवढ्यात सांगू नकोस, त्यांना झेपणार नाही. मीच येऊन सांगीन.

मी मान वर केली. चार हातांवर बाई तेच पत्र वाचत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे माझी चौकशी केली, आईला आठवण सांग म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. बातमी म्हणून सांगितलं असं मला आजही वाटत नाही. दिवसभर ते माझ्या छातीवर बसलं होतं आणि कुणालातरी सांगितल्याशिवाय ते उतरणार नव्हतं. आईने टोपली धुता धुता ऐकलं. “आवशीक कसा वाटत आसतला,” त्या मुलीच्या आईला कसं वाटत असेल, एवढंच ती म्हणाली आणि टोपली पालथी घातली.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. जामसंड्यातल्या एका घरी आईचं रोजचं जाणं होतं. त्या घरची मुलगीही अशीच माहेरी परत आली होती आणि तिची आई रात्रंदिवस रडत असे. तिला धीर द्यावा म्हणून माझी आई म्हणाली की तुझं एकटीचंच असं नाही, बाईंच्या मुलीचंही झालंय. त्या घरातून ते शेजारी गेलं. महिन्याभरात वाचनालयात कुणीतरी बाईंच्या यजमानांना सहज विचारलं, मुलगी आता इकडेच राहणार का म्हणून.

ते घरी गेले आणि बाईंना विचारलं. बाईंनी खरं सांगितलं. यजमानांना काही झालं नाही, म्हणजे दवाखान्यात न्यावं लागलं असं काही नाही. ते बोलायचे थांबले. “अख्ख्या गावाला माहीत होतं आणि मला नव्हतं,” एवढंच वाक्य ते म्हणाले आणि पुढे कित्येक महिने त्या घरात जेवायला चला, औषध घ्या, याच्यापलीकडे शब्द नव्हता. मुलीला कळलं तेव्हा तिला वाटलं आईनेच कुणाकडे तरी बोलून दाखवलं. तिची पत्रं बंद झाली.

आईला मी विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “मी एकाच घरात बोललंय गो. ती म्हणाली, कोणाक सांगूचंय नाय.” मी तिला काय बोलणार होते? मीही एकाच माणसाला सांगितलं होतं.

एका मंगळवारी बाई आल्या त्या कॉम्प्युटरवर बसल्या नाहीत. मालकांच्या टेबलासमोर उभ्या राहून त्यांनी शांतपणे विचारलं, “आम्ही इथे बसून पत्रं वाचतो, ती दुसरं कुणी वाचू शकतं का?”

मालक म्हणाले, छे, बाई, पासवर्ड असतो ना, तो तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. त्या गाळ्यात खरं उत्तर फक्त मला माहीत होतं आणि मी फाइल हातात घेऊन कपाटापाशी उभी होते. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आता आठवतं तेव्हा वाटतं, त्या नुसत्याच पाहत होत्या, त्यांच्या मनात संशय नव्हता. मी फाइल उघडून त्यात बघू लागले.

बाईंनी पत्ता बंद करायला सांगितलं. तो मीच बंद केला. कायमचा काढून टाकायचा का, असं पडद्यावर विचारलं गेलं आणि मी होय म्हटलं.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी त्याच खुर्चीवर काम करत होते. डबी बदलून घ्या म्हणून मी मालकांच्या मागे लागले आणि ती बदलली गेली. दादाचा प्रोग्रॅम मी काढला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

२००७ मध्ये होस्टिंग कंपनीचं एक पत्रक आलं. मेल आणणं आणि पाठवणं यापुढे सुरक्षित जोडणीनेच व्हावं, जुनी उघडी जोडणी काही महिन्यांनी बंद करण्यात येईल, असं त्यात होतं. मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं की ही सोय सर्व्हरवर कधीपासूनच आहे, ती चालू करायला कुणी सांगत नाही एवढंच. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वीही होती? होती, म्हणाला.

मी फोन ठेवला आणि माझ्याच पत्त्यावर करून बघितलं. मेलच्या प्रोग्रॅममध्ये खात्याच्या माहितीत जायचं, शेवटच्या पानावर ‘या सर्व्हरला सुरक्षित जोडणी लागते’ अशा ओळीपुढे खूण करायची, दोन आकडे बदलायचे. काम दोन मिनिटांचं. मग मी दादाचा प्रोग्रॅम चालू केला, माझ्या आणि शेजारच्या कॉम्प्युटरची तार मुद्दाम कपाटात पडलेल्या जुन्या डबीला जोडली आणि त्या शेजारच्या कॉम्प्युटरवरून स्वतःलाच एक पत्र पाठवलं. पत्रात मी ‘आई’ असा एकच शब्द लिहिला होता. पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं आली. मी ती वरून खाली आणि खालून वर बघितली. शब्द कुठेच नव्हता.

त्या दिवशी मी मालकांना म्हटलं, कंपनीने दिलेल्या मुदतीची वाट नको बघायला, प्रत्येक गिऱ्हाइकाकडे मी स्वतः जाऊन हे करून देते. फोनवर सांगून काम होईल, तू कशाला एसटीचे धक्के खातेस, असं ते म्हणाले. पण त्यांनी अडवलं नाही.

अडीच महिने मी फिरले. हे काम फोनवर होण्यासारखं नव्हतं हे पहिल्याच आठवड्यात मालकांनाही पटलं. खूण केली की लगेच एक इशारा यायचा, सर्व्हरचं ओळखपत्र तुम्ही दिलेल्या नावाशी जुळत नाही म्हणून. ओळखपत्र असायचं होस्टिंग कंपनीच्या नावाचं आणि गिऱ्हाइकाने भरलेलं असायचं स्वतःच्या वेबसाइटचं नाव. मालक म्हणाले, सगळ्यांना ‘होय’ दाबायला सांग, इशारा जाईल. मी तसं केलं नाही. इशाऱ्याला न वाचता होय म्हणायची सवय लावली तर पुढे खरोखरच कुणी मध्ये बसला तरी लोक होयच म्हणतील. म्हणून प्रत्येक ठिकाणी सर्व्हरचं खरं नाव भरून घ्यायचे, ते का भरायचं ते समजावून सांगायचे आणि कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवायचे.

तारकर्लीला एक लॉजवाले होते, घरच्या माडाच्या बागेत चार खोल्या काढलेले. त्यांच्याकडे सगळं बरोबर भरूनही इशारा जाईना. ओळखपत्राची मुदत सुरूच झालेली नाही, असं कॉम्प्युटर म्हणत होता. तासभर मी डोकं लावलं. शेवटी खाली कोपऱ्यात लक्ष गेलं. आतला सेल संपलेला, त्यामुळे वीज गेली की कॉम्प्युटरची तारीख मागे जाऊन थांबायची, आणि वीज तर रोजच जायची. त्या कॉम्प्युटरच्या लेखी अजून नव्वद साल उजाडायचं होतं. लॉजवाल्यांनी मालवणहून सेल मागवला आणि तोपर्यंत मला बांगड्याचं जेवण घातलं. निघताना ते म्हणाले, एवढा त्रास घेऊन करतेस, आमच्या पत्रांत असतं तरी काय, खोली रिकामी आहे का एवढंच. मी म्हटलं, तेवढंही दुसऱ्याने का वाचावं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण ते माझ्याकडे बघत राहिले.

यादी संपत आली आणि एके दिवशी बाईंच्या यजमानांचा गाळ्यावर फोन आला. आता घरी ब्रॉडबँड घेतलं आहे, आंब्याचा पत्ता पुन्हा चालू करायचा आहे, कुणाला तरी पाठवा. मालकांनी माझंच नाव सांगितलं.

मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कॉम्प्युटर ओटीवर ठेवला होता. यजमान खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसले, बाई आत होत्या. मी पत्ता उघडला, सुरक्षित जोडणी भरली, एक पत्र पाठवून बघितलं. ते सगळं लक्ष देऊन बघत होते. कचेरीतल्या गोपनीय लखोट्यांना लाखेचा शिक्का मारायचं काम पूर्वी त्यांच्याकडे होतं, असं त्यांनी मला सांगितलं. मग विचारलं, “हे बंद केलेलं पत्र आता कोण वाचू शकतं?”

मी सांगितलं, इथून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कुणी नाही. सर्व्हर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी ठरवलं तर ते तिथे पोचलेलं पत्र उघडू शकतात, ते मी नाकारत नाही. पण वाटेतला माणूस वाचू शकत नाही.

“आणि पूर्वी? वाटेतला माणूस वाचू शकत होता?”

“हो.”

“तुमच्या दुकानात बसून?”

“हो काका.”

कारकुनी केलेला माणूस, एका प्रश्नातून दुसरा कसा निघतो ते त्यांना ठाऊक होतं. मी उठून जाऊ शकले असते, काम झालं होतं. पण मला वाटलं की आता हा प्रश्न आला नाही तर मी जन्मभर त्याची वाट बघत राहीन.

“कुणी वाचलं?” त्यांनी विचारलं.

“मी.”

आत भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. मी सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, पत्र, पायरीवर आईला सांगितलं ते, मालकांच्या टेबलाजवळ गप्प राहिले ते. सांगताना मी रडले नाही. रडले असते तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती, आणि तो हक्क मला नव्हता.

यजमान उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बाई दारात आल्या होत्या. शाळेत त्या आमच्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलायच्या. आता मात्र घरच्या बोलीत म्हणाल्या, “तुझ्या आवशीन सांगल्यान, ह्या माका कळला होता. पण तिका खंयसून कळला? मी फक्त माझ्या भैणीक सांगलेला. तिनाच केल्यान, असा मी धरून चललंय.”

बाईंची धाकटी बहीण खारेपाटणला असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलीचं सगळं बाईंनी एकट्या तिलाच सांगितलं होतं. गावात बोभाटा झाला आणि पत्रं कुणी वाचू शकत नाही असं मालकांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी बहिणीला फोन करून नाही नाही ते ऐकवलं आणि संबंध तोडले. बहिणीने शपथ घेतली ती त्यांनी मानली नाही. मधल्या काळात बहिणीच्या मुलाचं लग्न झालं आणि बाई लग्नाला गेल्या नाहीत.

माझ्या हातून एका घरातलं बोलणं बंद झालं हे मला माहीत होतं. दुसऱ्या घराचं काहीच माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, “उद्या सकाळी माझ्यावांगडा खारेपाटणाक चल. तूच सांग तिका.”

घरी जाऊन मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मीही येते म्हणाली. मी नको म्हटलं. बाईंनी मला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळेऱ्याला बस बदलून खारेपाटणला गेलो. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. दोन तासांत त्या एकदाच बोलल्या, दरवाजा नीट लागला नाहीये, सरकून बस, म्हणून. बाजारातून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बहिणीचं घर होतं. बहीण पुढच्या पडवीत तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून ती उठली नाही. सूपही खाली ठेवलं नाही.

बाईंनी मला पुढे केलं. मी उभ्याउभ्या सांगितलं. कॉम्प्युटर, तार, डबी हे तिला कळावं म्हणून मी शब्द शोधत होते, तेव्हा बहीण म्हणाली की ते राहू दे, तू वाचलंस आणि घरी सांगितलंस एवढंच ना? मी हो म्हटलं. मग तिने माझ्याकडे बघायचं सोडलं आणि ती बाईंकडे वळली.

“लग्नात सगळी विचारी होती, मावशी खंय? मी काय सांगूचा?”

बाई म्हणाल्या, “चुकला माझा.”

“मी शपथ घेतलंय, तरी तुका खरा वाटला नाय.”

“नाय वाटला. चुकला माझा.”

बहिणीच्या हातातलं सूप तसंच होतं. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या. दोघी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मी पडवीच्या खांबापाशी उभी होते. मग आतून एक तरुण मुलगी चहा घेऊन आली. बहीण म्हणाली, ही माझी सून. बाईंनी हात पुसले, तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचं माहेर कुठलं, शिक्षण किती, ते विचारू लागल्या. जे लग्नातच विचारून व्हायचं, ते त्या वर्षभरानंतर विचारत होत्या. बहीण उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मलाही चहा मिळाला. तो मी उभ्यानेच प्यायले.

परतीच्या बसमध्ये बाईंनी मला विचारलं, पत्रात जे होतं त्यातलं तुला किती आठवतं. मी खरं सांगितलं, सगळं आठवतं. त्यांनी मान हलवली. “ता इसर, असा मी म्हणतलंय नाय. कोणाक इसरता येणा नाय. पण परत तोंडातसून काढू नको,” त्या म्हणाल्या. म्हणूनच या लिखाणातही त्या पत्रातली ती एक ओळ मी सांगितलेली नाही.

मालकांनाही मी सगळं सांगितलं. ते रागावले, मग बाईंना दिलेलं उत्तर आठवून त्यांनाच वाईट वाटलं. ते जामसंड्याला जाऊन बाईंना भेटून आले. मला त्यांनी कामावरून काढलं नाही. फक्त दादाचा प्रोग्रॅम त्यांच्यासमोर काढायला लावला.

आईने जामसंड्यात बाईंच्या घराच्या बाजूला जाणं दीड वर्ष सोडलं होतं. खारेपाटणहून मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन बाईंच्या दारात गेली. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पायरीवर बसून सगळं सांगायची आमची सवय हळूहळू गेली. आम्ही बसायचो, पण मी कामातलं काही बोलत नसे, आणि तीही माझ्या तोंडाकडे बघून विषय बदलायची. त्याचं आम्हा दोघींना वाईट वाटायचं.

यजमानांनी मुलीला पहिलं पत्र स्वतः लिहिलं. त्यांना देवनागरीतच लिहायचं होतं, म्हणून मी त्यांना अक्षरं कुठे असतात ते शिकवलं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते आठवडाभर सराव करत होते. सराव म्हणून ते सात-बाराचे उतारे टाइप करायचे. खरं पत्र लिहायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी मला येऊ नको म्हणून सांगितलं. ते पत्र कधी गेलं, त्यात काय होतं, मला माहीत नाही. उत्तर आलं, एवढं बाईंच्या बोलण्यात एकदा येऊन गेलं.

मुलगी पुढच्या आंब्याच्या दिवसांत घरी आली. पेट्यांच्या पत्त्यांची यादी नीट करून हवी होती म्हणून मला बोलावलं होतं, तेव्हा ती ओटीवर पेट्यांत घालायच्या गवताच्या पेंढ्या सोडत बसलेली दिसली. मी कोण ते तिला माहीत होतं. मी तिची माफी मागितली. ती काम करता करता म्हणाली, “आईबाबांनी तुला माफ केलंय, ते त्यांचं झालं. माझं अजून झालेलं नाही. पण जे बाबांना मी माझ्या तोंडून कधी सांगितलं असतं कुणास ठाऊक, ते त्यांना कळून गेलं. आता ते मला रोज लिहितात.”

मी यादी पूर्ण केली. मग तिने स्वतःसाठी एक वेगळा पत्ता काढून मागितला. मी सर्व्हरचं नाव, आकडे, सुरक्षित जोडणीची खूण, सगळं भरून दिलं आणि पासवर्डचा चौकोन आला तेव्हा खुर्ची तिला देऊन अंगणात गेले. बाई चटईवर आंबे मांडत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तिथल्या एका जाड्याभरड्या फडक्याने देठाचा चीक लागलेली फळं एकेक करून पुसायला घेतली. आतून ओटीवरून बटणांचा आवाज येत होता. बाईंनी एक मऊ फडकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, “ह्या घे. त्या फडक्यान डाग जाणा नाय.”